अंगणातल्या जुन्या बाकाला नवा रंग: सातारा-सांगलीच्या हवेत टिकेल असा

बाहेर ठेवलेल्या लाकडी बाकाचा किंवा झोपाळ्याचा रंग पहिल्यांदा कुठून सुटलाय ते वाकून, उलटं करून पाहा. ऊन सगळ्यात जास्त लागतं वरच्या बाजूला, पण पापुद्रे आधी निघतात पायांच्या तळाशी, पट्ट्यांच्या कापलेल्या टोकांना, सांध्यांच्या फटींत आणि बसायच्या फळीच्या खालच्या अंगाला, जिथं मागच्या वेळी ब्रश पोचलाच नव्हता. लाकूड जिथं आडवं कापलेलं असतं तिथं त्याच्या बारीक नळ्या उघड्या असतात आणि पाणी तिथून सपाट बाजूपेक्षा कित्येक पट वेगानं आत शिरतं. नंतर ऊन पडलं की ते पाणी वाफ होऊन बाहेर यायला बघतं आणि वरचा रंग आतून ढकलला जातो. त्यामुळं महागडा डबा आणून वरवर दोन हात मारले तर एका पावसाळ्यात काम वाया जातं. साधाच ऑइल पेंट नीट तयारी करून दिला तर तीन-चार वर्षं सहज निघतात. खालच्या मजकुराचा बराचसा भाग रंगाचं झाकण उघडायच्या आधीचा आहे, तो याच कारणानं.

कोणत्या महिन्यात हात घालायचा

सातारा-सांगलीत एकसारखी हवा कुठंच नाही. महाबळेश्वर, पाचगणी, पाटण, शिराळ्याचा पश्चिम भाग इथं पाऊस थांबला तरी लाकूड आतून बराच काळ ओलं राहतं. तिथं डिसेंबरच्या मध्यापासून मार्चपर्यंतचा काळ धरा. सातारा, कराड, सांगली, मिरज या पट्ट्यात दिवाळीनंतर दोन-तीन आठवडे कोरडे गेले की काम सुरू करता येतं. माण, खटाव, आटपाडी, जत इकडं पावसाचा त्रास कमी, पण ऊन आणि कोरडी हवा यांनी लाकूड आकसून तडकतं. तिथं रंगाइतकंच लक्ष भेगांकडं द्यावं लागतं.

एप्रिल-मेमध्ये काम करणं टाळा. तापलेल्या लाकडावर ब्रश ओढला की रंग पसरायच्या आधीच घट्ट होतो, ब्रशच्या रेघा राहतात आणि वरची साय वाळून खाली कच्चा रंग अडकतो. दुसरा पर्यायच नसेल तर सकाळी दहाच्या आत, सावलीत उरका. थंडीत उलटी अडचण असते. डिसेंबर-जानेवारीत संध्याकाळनंतर दव पडतं आणि अर्धवट वाळलेल्या ऑइल पेंटवर ते बसलं की चकाकी जाऊन पांढरट झाक येते. म्हणून थंडीत सकाळचं दव पूर्ण उडाल्यावर सुरुवात करा आणि दुपारी तीननंतर नवा हात देऊ नका. रात्री वस्तू ओसरीत किंवा पत्र्याखाली घ्या.

उसाच्या भागात आणखी एक गोष्ट पाहावी लागते. तोडणी झाल्यावर शेजारच्या रानात पाचट पेटवलं की काळी राख वाऱ्याबरोबर लांबपर्यंत येते आणि ओल्या रंगावर चिकटते. आसपास तोड चालू असेल तर शेवटचा हात बंद जागेत द्या किंवा दोन दिवस थांबा.

लाकूड पुरेसं वाळलंय का हे बघायला सोपी परीक्षा आहे. रंग खरवडलेल्या जागी वीतभर प्लॅस्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीनं पक्का लावा आणि तीन-चार तास उन्हात ठेवा. आतून दमट थेंब दिसले तर अजून आठवडाभर सावलीत, हवेशीर जागी ठेवा.

पुरात भिजलेल्या फर्निचरला वेगळा नियम आहे. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या पुरानंतर सांगलीतल्या नदीकाठच्या घरांतलं किती तरी लाकडी सामान कडक उन्हात वाळत घातलं गेलं. घाईत हे होतं, पण त्यानं वरचा थर झटक्यात आकसतो, आतलं लाकूड फुगलेलंच राहतं आणि फळी वाकते किंवा तडकते. पुराचं सामान आधी नळीच्या पाण्यानं धुऊन सांध्यांतला गाळ काढायचा. गाळ आत राहिला तर तो ओल धरून ठेवतो. मग सावलीत, जमिनीपासून वर, विटांवर ठेवून वाळवायचं. जाड पायांना यासाठी तीन-चार महिनेही लागतात. त्या आधी रंग देणं म्हणजे ओल आत कोंडणं.

सामान: पाच फुटी बाकाचा हिशोब

बसायला पाच आणि पाठीला चार पट्ट्या, प्रत्येकी तीन इंच रुंद आणि एक इंच जाड, असा नेहमीचा बाक धरू. चारी बाजू मोजल्या तर एका पट्टीचं क्षेत्र साधारण सव्वातीन चौरस फूट, नऊ पट्ट्यांचं तीस. पाय, आडव्या पट्ट्या आणि हात टेकायच्या जागा मिळून बारा. म्हणजे एकूण बेचाळीस चौरस फूट. गुळगुळीत लाकडावर ऑइल पेंट लिटरमागं एका हाताला साधारण १०० ते १२० चौरस फूट जातो, जुनं लाकूड त्याहून जास्त पितं. दोन हात आणि टोकांना जादा हात धरून एक लिटर रंग पुरतो. वुड प्रायमर (रंगाच्या आधी लाकडावर द्यायचा पाया-थर) एक लिटर.

बाकीचं सामान असं: एक लिटर टर्पेंटाइन, त्यातलं निम्मं ब्रश धुवायलाच जातं. पॉलिश पेपर ८० नंबरचे चार, १२० चे चार, १८० चे तीन. वॉटर पेपर ३२० चे तीन. दोन इंची आणि एक इंची ब्रश, खरडायचा पत्रा, व्हाइटिंग पावडर (खडूची बारीक पूड) पाव किलो, पक्कं म्हणजे उकळलेलं जवसाचं तेल शंभर मिली, पाण्यात न सुटणारा लाकडाचा गोंद, स्टेनलेस स्टीलचे स्क्रू, रबरी हातमोजे, चांगला मास्क, जुन्या सुती चिंध्या. ब्रशवर थोडे पैसे जास्त घाला. स्वस्त ब्रशचे केस गळतात आणि ते ओल्या रंगातून काढताना झालेला व्रण शेवटपर्यंत दिसतो.

प्रायमर मागताना 'लाकडाचा' हे स्पष्ट सांगा. रेड ऑक्साइड लोखंडासाठी असतो, भिंतीचा सिमेंट प्रायमर भिंतीसाठी. दुकानात उरलेलं काहीही 'चालतंय की' म्हणून मिळतं, ते घेऊ नका.

आधी लाकूड आणि जुना लेप ओळखा

सागवान असेल तर ते मुळात तेलकट असतं. त्यावर प्रायमर लगेच पकडत नाही. घासून झाल्यावर थिनरमध्ये बुडवलेल्या चिंधीनं पुसून, अर्ध्या-एक तासात प्रायमर द्यायचा. उशीर केला तर आतलं तेल पुन्हा वर येतं. बाभळीच्या लाकडाचा तपकिरी रस पांढऱ्या किंवा क्रीम रंगातून डागासारखा वर येतो. त्यावर प्रायमरच्या आधी स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या लाखेचा एक पातळ हात द्या. गाठींवरही तोच. आंब्याचं लाकूड बाहेर ठेवायचं नसतंच, पण असेल तर कीड आणि कुज दोन्ही तपासूनच पुढं जा.

जुना लेप कोणता आहे ते कोपऱ्यात बघा. स्पिरिटची चिंधी मिनिटभर दाबून धरल्यावर लेप चिकट झाला तर फ्रेंच पॉलिश आहे. स्पिरिटनं काही झालं नाही पण एनसी थिनरनं (लॅकर पातळ करायच्या थिनरनं) विरघळला तर लॅकर आहे. या दोन्हींवर ऑइल पेंट चढवू नका, ते पूर्ण काढा. दोन्हींनी झटकन काही झालं नाही तर बहुधा जुना ऑइल पेंट किंवा पीयू (पॉलियुरेथेनचा कडक लेप) आहे, आणि तो घट्ट असेल तर ठेवायला हरकत नाही.

घट्ट आहे की नाही हे पाहण्यासाठी ब्लेडनं दोन-दोन मिलिमीटरवर उभ्या-आडव्या सहा रेघा मारून जाळी करा, वर चिकटपट्टी दाबून बसवा आणि झटक्यात ओढा. चौकोन निघून आले तर सगळा रंग काढावा लागेल. कडेचे एखाद-दुसरे निघाले तर फक्त सैल भाग खरवडून बाकीचा खरखरीत करायचा. घट्ट बसलेला जुना रंग हट्टानं काढण्यात अर्थ नाही. त्याच्याइतका चांगला पाया नवा प्रायमरही देत नाही.

धुणं आणि खरवडणं

नवार किंवा गादी असेल तर काढा. स्क्रूनं बसवलेले भाग सोडवा आणि प्रत्येक भागाच्या लपणाऱ्या जागी पेन्सिलीनं खूण करा. धुण्याचा सोडा दोन चमचे आणि पाच लिटर कोमट पाणी, त्यानं नायलॉनच्या ब्रशनं घासा. तारेचा ब्रश सागवानावर वापरू नका. त्याचे बारीक लोखंडी कण लाकडात राहतात आणि ओल लागली की काळे डाग पडतात. शेवाळ आणि काळी बुरशी असेल तर घरगुती ब्लीचचा एक भाग आणि पाण्याचे तीन भाग करून लावा, पंधरा मिनिटांनी भरपूर पाण्यानं धुवा. हातमोजे हवेतच. ब्लीचमध्ये संडास साफ करायचं ॲसिड कधीही मिसळू नका, विषारी वायू निघतो. बुरशी तशीच ठेवून वर रंग दिला तर ती रंगाखाली वाढते आणि काही महिन्यांत ठिपके वर दिसतात.

आता जुन्या रंगाबद्दल, आणि हे मनावर घ्या. भारतात घरगुती रंगांमधलं शिसं ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९० भागांच्या) वर नसावं, हा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या पिवळ्या, नारिंगी, लाल, हिरव्या ऑइल पेंटमध्ये शिसं असू शकतं. त्याची धूळ लहान मुलांना फार घातक असते. असा रंग कोरडा घासू नका. पाण्याचा फवारा मारून ओलाच खरवडा, खाली प्लॅस्टिक अंथरा, पापुद्रे गोळा करून बंद पिशवीत टाका. काम चालू असताना मुलांना आणि गरोदर बाईला आसपास येऊ देऊ नका. अंगणात धूळ झाडून टाकायची नाही, ओल्या फडक्यानं पुसायची. हीट गन वापरत असाल तर रंग फक्त मऊ होईल इतकीच उष्णता द्या. धूर निघाला की गन लांब न्या.

कॉस्टिक सोड्यानं जुना रंग लवकर सुटतो म्हणून काही जण तो वापरतात. त्यानं सागवान काळवंडतं, तंतू मऊ पडतात आणि फटींत उरलेला सोडा नवा रंग आतून खातो. बाजारातला पेंट रिमूव्हर बरा, पण तो उघड्या हवेतच वापरा आणि नंतर टर्पेंटाइननं पुसून घ्या.

रंग निघालेल्या जागी लाकूड राखाडी दिसेल. तो राखाडी थर म्हणजे उन्हानं मेलेले तंतू. प्रायमर त्यांना चिकटतो, पण ते स्वतः लाकडाला धरून नसतात, त्यामुळं सगळंच एकत्र सुटतं. ८० नंबरच्या पेपरनं लाकडाचा मूळ रंग दिसेपर्यंत घासा, मग १२०, शेवटी १८०. नेहमी लाकडाच्या रेषेच्या दिशेनं. आडवे ओरखडे पहिल्या हातात दिसत नाहीत, चकाकणाऱ्या शेवटच्या हातात सगळे उठून दिसतात.

घासताना प्रत्येक धारदार कड दोन-तीन मिलिमीटर गोल करा. ही पायरी बहुतेक जण सोडतात. ओला रंग टोकदार कडेवरून मागं सरकतो आणि तिथं थर सगळ्यात पातळ राहतो, म्हणून बाकाच्या कडा आधी उघड्या पडतात. पट्ट्यांमध्ये सहा-आठ मिलिमीटर फट आहे ना तेही बघा. नसेल तर पाणी साठतं. अखंड फळीचं आसन असेल आणि मध्ये पाणी थांबत असेल तर तिथं आठ मिलिमीटरचं भोक पाडा आणि भोकाच्या आतल्या बाजूलाही पुढं प्रायमर द्या.

कुज, कीड, सांधे

पेचकसचं टोक पायांत, सांध्यांजवळ आणि झोपाळ्याच्या कड्यांभोवती दाबून पाहा. चांगल्या लाकडात ते जेमतेम रुततं. तीन-चार मिलिमीटर सहज आत गेलं तर ती कुज आहे. पायाच्या तळाशी थोडीच असेल तर तेवढा भाग कापून त्याच लाकडाचा तुकडा गोंद आणि स्क्रूनं जोडा. झोपाळ्याच्या पाटात कड्यांच्या भोकाभोवती कुज असेल तर तिथं भरण आणि रंग चालणार नाही. पाट बदला, कारण त्यावर माणसांचं वजन लोंबकळतं.

पिठासारखी पूड आणि टाचणीच्या डोक्याएवढी भोकं म्हणजे लाकूड पोखरणारा किडा. खाली पूड झाडून टाका आणि दोन आठवड्यांनी पुन्हा बघा. नवी पूड पडली असेल तर किडा जिवंत आहे. उघड्या लाकडावर बाजारातलं लाकूड संरक्षक द्रावण ब्रशनं द्या आणि भोकांत सिरिंजनं भरा. प्रमाण आणि वाळण्याचा वेळ डब्यावर असतो तसाच पाळा, कारण ते पूर्ण वाळल्याशिवाय प्रायमर धरत नाही. मातीच्या रेघा दिसल्या तर ती वाळवी. तिचा उगम जमिनीत असतो, त्यामुळं बाकाबरोबर बाक ठेवायची जागाही बदलावी लागते.

हलणारे सांधे रंगानं घट्ट होत नाहीत. ते उघडा, जुना गोंद खरवडा, पाण्यात न सुटणारा गोंद लावा. शिकंजा नसेल तर सुतळीचे दोन-तीन वेढे देऊन मध्ये काडी घाला आणि पीळ द्या, सांधा बसेपर्यंत आवळा आणि काडी अडकवून चोवीस तास सोडा. गंजलेले स्क्रू काढून स्टीलचे किंवा पितळी घाला. लोखंडी खिळे काढता येत नसतील तर डोकी दोन मिलिमीटर आत ठोका, त्यावर रेड ऑक्साइडचा ठिपका द्या. या कामात रेड ऑक्साइड लागतो तो एवढाच.

पहिला प्रायमर, मग लांबी

लांबी म्हणजे भेगा-खड्ड्यांत भरायचं व्हाइटिंग आणि तेलाचं भरण. पहिला प्रायमर लांबीच्या आधी द्यायचा, नंतर नाही. कोरडं लाकूड लांबीतलं तेल शोषून घेतं, मग नुसती खडूची पूड उरते आणि पहिल्या पावसात गळून पडते. प्रायमरनं लाकडाचं तोंड बंद झालं की लांबी तेल धरून वाळते.

पहिल्या हातासाठी लिटरभर प्रायमरमधला निम्मा घ्या आणि त्यात ५० ते ६० मिली टर्पेंटाइन मिसळा, म्हणजे तो आत मुरेल. वस्तू आधी उलटी करा. तळ, आतल्या बाजू, पट्ट्यांच्या खालचं अंग, स्क्रूची भोकं, सगळं आधी होऊ द्या. कापलेल्या टोकांवर ब्रश टेकवून थांबा. ती प्रायमर प्यायली की पाच मिनिटांनी पुन्हा द्या, आणि प्यायचं थांबेपर्यंत देत राहा. पायांसाठी डब्याच्या झाकणात पातळ प्रायमर ओतून प्रत्येक पाय पंधरा-वीस मिनिटं त्यात उभा करा. बाकाचं पुढचं आयुष्य बहुतांशी या अर्ध्या तासावर ठरतं. झोपाळ्याच्या कड्यांची भोकं असतील तर काडीला चिंधी गुंडाळून आतून फिरवा.

रात्रभर वाळू द्या. दुसऱ्या दिवशी लांबी करा. २०० ग्रॅम व्हाइटिंगमध्ये ३५ मिलीच्या आसपास पक्कं जवसाचं तेल थोडं थोडं घालत चपातीच्या कणकेइतकं घट्ट मळा. चमचाभर ऑइल पेंट घातला तर लवकर कडक होते. तेल 'डबल बॉइल' मागा. घाण्याचं कच्चं तेल वाळायला आठवडे घेतं. पत्र्यानं लांबी भेगेत दाबा, वर किंचित उंच ठेवा, कारण वाळताना ती बसते. पाच मिलिमीटरपेक्षा मोठा खड्डा एका वेळी भरू नका, दोनदा भरा किंवा एपॉक्सी वापरा. जत-आटपाडीकडं उन्हाळ्यात रुंद होणाऱ्या लांब भेगा गच्च भरल्या तर पावसाळ्यात लाकूड फुगून लांबी बाहेर फेकली जाते. तिथं भेगेच्या आतल्या बाजूला प्रायमर आणि रंग पोचवणं पुरे.

भिंतीची पुट्टी किंवा पीओपी लाकडात भरू नका. दोन्ही कडक असतात, लाकूड हंगामानुसार हलतं, ती हलत नाहीत. साधा पांढरा गोंद आणि लाकडाचा भुसा हे घरातल्या कामाचं भरण आहे, पावसात मऊ पडतं.

लांबी दोन-तीन दिवसांनी नखानं खरवडता येणार नाही इतकी घट्ट झाली की १८० च्या पेपरनं हलकं घासा, धूळ ओलसर फडक्यानं पुसा, वाळू द्या आणि प्रायमरचा दुसरा हात द्या. या वेळी टर्पेंटाइन नावापुरतं.

जवसाच्या तेलाची चिंधी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. तेल हवेशी मिळून वाळताना तापतं आणि ढीग आपोआप पेटू शकतो. चिंध्या उघड्यावर पसरून वाळवा किंवा पाण्याच्या डब्यात बुडवून ठेवा.

रंगाचे हात

डबा उघडला की तळापर्यंत काठीनं ढवळा. रंगाचा घट्ट भाग तळाशी बसतो, वरवर ढवळून सुरुवात केली तर पहिल्या पट्ट्या पातळ आणि शेवटच्या गडद होतात. मग जुन्या नायलॉन कापडातून गाळून घ्या. पहिल्या हाताला लिटरमागं ५० ते १०० मिली टर्पेंटाइन, दुसऱ्याला त्याच्या निम्मं. रॉकेल घालू नका. त्यातला जड भाग उडत नाही, रंग आठवडाभर चिकट राहतो आणि चकाकी येत नाही. एनसी थिनरही नको, तो खालच्या थराला उचलतो आणि सुरकुत्या पाडतो.

ब्रश केसांच्या एक तृतीयांशच बुडवा. आधी सांधे आणि कडा एक इंची ब्रशनं, मग पट्टी दोन इंचीनं. रंग आडवा पसरवा आणि शेवटी ब्रशचं टोक हलकं टेकवून पट्टीच्या लांबीभर एकाच दिशेनं फिरवा. एक पट्टी पूर्ण करूनच पुढची घ्या. पाच मिनिटांनी मागं वळून खालच्या कडा बघा, ओघळ तिथं जमतात. ओला ओघळ ब्रशनं उचलता येतो. अर्धवट वाळलेल्या ओघळाला बोट लावून तो बिघडवू नका, दोन दिवसांनी वॉटर पेपरनं काढा.

दोन पातळ हात एका जाड हातापेक्षा लवकर वाळतात आणि जास्त टिकतात. जाड हाताची वरची साय आधी वाळते, खालचा रंग नंतर आकसतो आणि कातडीसारख्या सुरकुत्या येतात. दोन हातांत किमान रात्र जाऊ द्या, थंडीत चोवीस तास. मध्ये ३२० चा वॉटर पेपर पाण्यात भिजवून सगळीकडं हलका फिरवा. चकाकी मोडली म्हणजे दुसरा हात धरेल. टोकं, पायांचा खालचा वीतभर भाग आणि हात टेकायच्या जागा यांना तिसरा हात द्याच.

रंग हाताला कोरडा लागला तरी आतून कडक व्हायला आठवडा लागतो. तोवर त्यावर बसू नका, गादी ठेवू नका. भिंतीचा एक्स्टीरियर इमल्शन आसनाला देऊ नका. तो लवचिक असतो हे खरं, पण सांगलीच्या मेमध्ये मऊ होऊन कपड्याला चिकटतो आणि मळ धरतो.

गडद रंग उन्हात फार तापतात, आणि तापलं-थंडावलं की लाकूड जास्त हलतं, रंग लवकर तडकतो. उघड्या अंगणात मध्यम किंवा फिकट रंग बरे. पांढरा ऑइल पेंट सावलीतल्या ओसरीत पिवळा पडतो, उन्हात कमी.

सागवानाची रेषा दिसावी असं अनेकांना वाटतं आणि ते समजण्यासारखं आहे, पण पारदर्शक वॉर्निश बाहेर फसवतो. ऊन त्याच्यातून आरपार जातं, खालचे तंतू मारतं आणि वॉर्निश काचेच्या तुकड्यांसारखा सुटतो. बाहेरच्या वापराचा, ऊन अडवणारा पीयू घेतला तरी दर वर्षी एक हात लागतो. तेवढं करायची तयारी नसेल तर रंग द्या, किंवा सागवान नुसतं धुऊन राखाडी होऊ द्या. चांगलं सागवान तसंही वर्षानुवर्षं टिकतं.

बिघडलंच तर

आठवड्यात फोड आले तर फोड कापून मागची बाजू पाहा. खाली उघडं लाकूड दिसलं तर ओल होती, खरवडून वाळवावं लागेल. खाली जुना रंग दिसला तर तो चकचकीतच राहिला होता, घासला गेला नव्हता. पाच दिवसांनीही चिकट असेल तर खाली मेण, तेल किंवा रॉकेल आहे. हवेशीर जागी दोन आठवडे वाट पाहा, तरी न वाळल्यास काढण्याशिवाय इलाज नाही, वरून दुसरा हात दिला तर आणखी अडकेल. तपकिरी डाग वर आले तर लाखेचा हात राहिला होता. तो आता डागावर देऊन पुन्हा रंग देता येतो.

बाक जागेवर ठेवताना

पायांखाली सपाट दगड ठेवा किंवा प्लॅस्टिकच्या चकत्या ठोका. पायात घालायचे रबरी बूच टाळा, त्यात पाणी साठून पाय बारा महिने भिजत राहतो. तुळशी वृंदावनाच्या किंवा कुंड्यांच्या रोज पाणी पडणाऱ्या जागेपासून हातभर लांब ठेवा.

उरलेला रंग छोट्या काचेच्या बाटलीत काठोकाठ भरून ठेवा, हवा कमी तर साय कमी. बाटलीवर शेडचा नंबर लिहा. ब्रशचं टर्पेंटाइन गटारात ओतू नका. बरणीत बंद ठेवलं की दोन दिवसांत गाळ बसतो आणि वरचं पुन्हा वापरता येतं. दर वर्षी मृगाच्या आधी, मेच्या शेवटच्या आठवड्यात, बाक उलटा करून टोकं आणि पाय पाहा. चीर किंवा सुटलेला पापुद्रा दिसला तर तेवढंच १८० च्या पेपरनं घासा, टोकावर पातळ प्रायमर ते प्यायचं थांबेपर्यंत द्या आणि दुसऱ्या दिवसापासून बाटलीतल्या रंगाचे दोन हात, मध्ये रात्र सोडून, सकाळी सावलीत द्या.